मोकळा श्वास, पण गाळलेला : जुन्या मोटरसायकलीच्या एअर फिल्टरविषयी वाचकांचे प्रश्न

कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, असलेल्या जुन्या मोटरसायकलीला कमी खर्चात ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर बसवावा का, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या प्रश्नांशी इंजिनाच्या आयुष्याचा संबंध येतो, त्यांच्या उत्तरांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे एका सिलिंडरची, चार स्ट्रोकची, १५० सीसी क्षमतेची जुनी मोटरसायकल आहे. मूळ कागदी फिल्टरच्या जागी बसणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर स्वस्तात मिळत आहे. तो बसवल्यास गाडीची ओढ आणि ॲव्हरेज वाढेल काय? इंजिनाला काही अपाय तर होणार नाही ना? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आधी इंजिनाला किती हवा लागते ते पाहू. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत घेते. आपले इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर ते मिनिटाला ३,००० वेळा श्वास घेते आणि प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरतो असे धरल्यास मिनिटाला ४५० लिटर हवा ओढते. तासाभरात हा आकडा २७,००० लिटरवर जातो. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकाचे, म्हणजे वाळूचे, अतिशय बारीक कण असतात आणि ते सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याच्या जाडीच्या आसपासचे कण त्यात शिरले की दोन्ही पृष्ठभाग झिजू लागतात. कॉम्प्रेशन उतरते, तेल जळू लागते आणि हे नुकसान कोणत्याही ट्यूनिंगने भरून निघत नाही. म्हणून एअर फिल्टरचे पहिले काम धूळ अडवणे हे आहे आणि हवेला वाट मोकळी ठेवणे हे त्यानंतरचे. नवा फिल्टर निवडताना हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

आता शक्तीविषयी. पेट्रोल इंजिन किती जोर देईल हे मुख्यतः त्यात किती वजनाची हवा शिरते यावर ठरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. आपला मूळ फिल्टर स्वच्छ असताना आणि मूठ पूर्ण पिळलेली असताना त्यातील एक किलोपास्कल फिल्टरपाशी खर्च होतो असे धरू. मग फिल्टर मुळातूनच काढून टाकला तरी आत जाणारी हवा साधारण एक टक्क्याने वाढेल, त्याहून अधिक नाही. आणि नव्या फिल्टरने अडथळा निम्मा केला तर लाभ अर्ध्या टक्क्याचा होईल. हाही लाभ केवळ पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे मूठ पिळल्यावर उघडणारी हवेची झडप पूर्ण उघडी असतानाच, मिळेल. नेहमीच्या वेगाने जाताना थ्रॉटल अर्धवट बंद असतो, त्या वेळी हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा तोच असतो आणि फिल्टर थोडा अधिक मोकळा असल्याने तेथे काहीही फरक पडत नाही. ॲव्हरेज वाढण्याची अपेक्षा याच कारणाने धरू नये.

तरीही फिल्टर बदलल्यावर गाडी जिवंत झाल्यासारखी वाटते असे अनेक वाचक लिहितात आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. बहुतेक वेळा त्यांनी काढलेला जुना फिल्टर धुळीने तुंबलेला असतो. ज्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल कपाची हवेची नळी बाहेर उघडते, त्यात तुंबलेला फिल्टर अर्धवट ओढलेल्या, हवेची वाट अरुंद करणाऱ्या चोकसारखा परिणाम करतो. पेट्रोल प्रमाणाबाहेर ओढले जाते, गाडी जड वाटते आणि ॲव्हरेज घसरते. अशा गाडीला मूळ प्रकारचा नवा कागदी फिल्टर बसवला असता तरी जवळपास तोच फरक जाणवला असता.

माझा सल्ला असा आहे की, आधी टॅपेटचे अंतर, प्लग, इग्निशन टायमिंग, कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटरची सफाई आणि घासत राहणारे ब्रेक हे सर्व तपासून घ्यावे, कारण जुन्या गाडीची हरवलेली ओढ बहुधा यांतच सापडते. त्यानंतर मूळ डब्यात नीट बसणारा कापडी फिल्टर अवश्य बसवावा. तो जपून वापरल्यास वर्षानुवर्षे टिकतो, वारंवार नवा घ्यावा लागत नाही, आणि खरा फायदा हाच आहे.

प्रश्न : कागदी, फोमचा आणि कापडी यांपैकी कोणता फिल्टर घ्यावा? स्वस्त फिल्टर चांगला आहे की नाही हे घेतानाच कसे ओळखावे?

उत्तर : कागदी फिल्टर रेझिन लावलेल्या कागदाच्या घड्यांचा असतो. तो बारीक कण चांगले अडवतो आणि स्वस्तही असतो. मात्र धुता येत नाही, आणि ओला झाला तर हवा अडवतो. फोमचा फिल्टर म्हणजे उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन स्पंज. त्यात चिकट तेल मुरवलेले असते आणि धूळ केवळ पृष्ठभागावर न अडकता त्याच्या पूर्ण जाडीत अडकते, म्हणून धुळीच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या मोटरसायकलींना तोच पसंत केला जातो. कापडी फिल्टरमध्ये सुती जाळीदार कापडाचे काही थर तारेच्या दोन जाळ्यांमध्ये घड्या घालून बसवलेले असतात आणि तेही तेलात भिजवलेले असतात. हा प्रकार जगभर पोहोचवण्यात १९६९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या के अँड एन या कंपनीचा मोठा वाटा आहे. आज बाजारात दिसणारे बहुतेक स्वस्त कापडी फिल्टर त्याच रचनेवर आधारलेले असतात.

रचना सारखी असली तरी दर्जा सारखा असतोच असे नाही. एअर फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धत आहे. तीत ठरावीक प्रकारची धूळ सोडून तीन गोष्टी मोजल्या जातात : फिल्टर हवेला किती अडवतो, धूळ किती टक्के पकडतो आणि तुंबण्यापूर्वी किती धूळ पोटात साठवतो. वेष्टनावर या तिन्हींचे आकडे असतील तर उत्तम. ‘इतके टक्के अधिक हवा’ एवढेच लिहिलेले असेल तर ती अर्धीच माहिती आहे, कारण भोके मोठी ठेवली की हवा वाढतेच. धुळीचे काय झाले हे त्यातून कळत नाही.

आकडे नसतील तर हात आणि डोळे वापरावेत. रबराची कड सगळीकडे सारख्या जाडीची आणि मऊ असावी. बोटाने दाबल्यावर ती लगेच पूर्वस्थितीत यावी. घड्यांची टोके जेथे रबरात रुतलेली असतात तेथे, आणि कापडाची दोन टोके जोडलेली असतात तेथे, फिल्टर उजेडासमोर धरून पाहावे. तेल न लावलेल्या सुती जाळीतून सगळीकडे मंद, सारखा प्रकाश दिसणे स्वाभाविक आहे; पण जोडापाशी एखादी ठळक उजळ रेघ दिसली, तर तेथे गोंद पोहोचलेला नाही आणि धुळीला थेट वाट आहे असे समजावे. तारेची टोके बाहेर आलेली नसावीत. केवळ स्टीलच्या जाळीचा, आत कापड किंवा फोम नसलेला फिल्टर दिसायला देखणा असतो, परंतु तो खडे अडवील, धूळ नाही. तो कोणत्याही किमतीला घेऊ नये.

यानंतरची कसोटी फिल्टर बसवल्यावरची आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून कडेची जाडी, लांबी आणि रुंदी मापून पाहावी. डब्याच्या ज्या भागावर रबराची कड टेकते तो भाग पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि झाकण बंद करताना कड दुमडली जात नाही याची खात्री करावी. काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवल्यानंतर फिल्टर काढून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी आतून स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडक्यावर तेलकट डाग आला तर काळजीचे कारण नाही, परंतु बोटांना कचकच लागली तर धूळ आत जात आहे. अशा वेळी ग्रीसच्या थरावर उमटलेली धुळीची रेघ ती कोठून शिरते हे दाखवते. कड नीट बसत नसेल, तर तो फिल्टर परत करावा.

प्रश्न : मूळ डबा पूर्ण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की इंजिन मोकळे होते असे मित्र सांगतात. गाडी दिसतेही सुटसुटीत. आपले मत काय?

उत्तर : रोज वापरायच्या जुन्या गाडीसाठी मी हा सल्ला देणार नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

एअर बॉक्स हा नुसता फिल्टर ठेवण्याचा डबा नसतो. इंजिन हवा सलग ओढत नाही, झटक्याझटक्याने ओढते. डब्यात साठलेली शांत हवा हे झटके सोसते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब स्थिर ठेवते. डब्याचे आकारमान आणि नळीची लांबी अशी ठरवलेली असते की, आत मागेपुढे होणाऱ्या हवेच्या लहरी मधल्या फेऱ्यांना सिलिंडर भरायला मदत करतात. डबा काढला की ही मदत जाते. अगदी वरच्या फेऱ्यांना थोडा लाभ दिसला तरी ज्या मधल्या टप्प्यात गाडी बहुतेक वेळ चालते तेथे ती ढिली पडते.

दुसरे कारण उष्णतेचे. डब्याचे तोंड बहुधा इंजिनापासून दूर, सीटखाली किंवा बाजूला असते. थेट लावलेला फिल्टर मात्र सिलिंडरच्या मागे, त्याच्याच उष्ण हवेत येतो. आत जाणारी हवा ३० अंश सेल्सिअसऐवजी ५० अंशांची झाली, तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. फिल्टर मोकळा करून मिळणारा अर्धा-एक टक्का आणि उष्णतेमुळे जाणारे हे सहा टक्के शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे निर्णय कठीण राहत नाही.

तिसरे कारण कार्ब्युरेटरच्या रचनेत आहे. अनेक जुन्या चार स्ट्रोक गाड्यांत निर्वाताने स्लाइड उचलणारा कार्ब्युरेटर असतो, ज्यात मूठ पिळल्यावर फक्त खालची पाकळी उघडते आणि रबरी पडद्याला जोडलेली स्लाइड दोन बाजूंच्या दाबांतील फरकाने वर जाते. पडद्याखालचा दाब फिल्टरच्या बाजूच्या तोंडातून घेतला जातो. तेथील हवा अस्थिर झाली, बाजूने वारा आला, की स्लाइड डगमगते आणि एकाच वेगाने जाताना गाडी धक्के देऊ लागते. साध्या, केबलने स्लाइड उचलणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये हा त्रास कमी असतो.

याच्याच जोडीला एक चूक फार ठिकाणी दिसते. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेलाच पायलट आणि मेन जेटला, म्हणजे अनुक्रमे कमी व पूर्ण मुठीवर पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोट्यांना, हवा देणारी बारीक भोके असतात. स्वस्त शंकू फिल्टरच्या रबराचा आतला काठ जाड असला तर तो ही भोके झाकतो. मग पेट्रोलचे प्रमाण बिघडते, जेट बदलूनही काही उलगडत नाही आणि दोष कार्ब्युरेटरवर टाकला जातो. ज्यांनी शंकू फिल्टर आधीच बसवला आहे, त्यांनी तो काढून रबराचा काठ ही भोके मोकळी ठेवतो की नाही हे सर्वप्रथम पाहावे.

शिवाय इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ बाहेर नेणारी नळी मूळ डब्याला जोडलेली असते. डबा काढल्यावर ती तशीच लोंबत ठेवली तर तेल मागच्या टायरवर पडू शकते. तिचे तोंड बुचाने बंद केले तर आतला दाब वाढून सील गळू लागतात. तिला स्वतंत्र लहान फिल्टर किंवा तेल साठवणारी बाटली द्यावीच लागते. पावसात उघडा फिल्टर थेट भिजतो, आणि इंजिनाचा आवाज वाढल्याने आवाजाच्या व धुराच्या नियमांचाही प्रश्न उभा राहतो. शर्यतीच्या गाडीला हे सर्व मान्य असते, कारण तिचे इंजिन वारंवार उघडले जाते आणि कार्ब्युरेटर प्रत्येक मैदानासाठी नव्याने जुळवला जातो. आपल्या गाडीचे तसे नाही.

प्रश्न : मग डबा तसाच ठेवून त्याच्या झाकणाला जादा भोके पाडली तर चालेल का?

उत्तर : फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे धूळ अडवली जाण्यापूर्वीच्या भागात भोक पाडल्याने धूळ आत जात नाही, एवढे खरे. परंतु डब्याच्या तोंडाचे माप लहरींच्या हिशेबाने ठरवलेले असते, भोकातून पाणी आत येऊ शकते आणि आवाज वाढतो. एकदा पाडलेले भोक पुन्हा मूळ स्थितीत आणता येत नाही आणि जुन्या गाड्यांचे झाकण नवे मिळणेही कठीण असते. प्रयोग करायचाच असेल तर झाकण थोडा वेळ पूर्ण काढून, फिल्टर जागेवर ठेवून, कोरड्या आणि धूळ नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. तेव्हाही उल्लेखनीय फरक दिसला नाही, तर भोकांनी काय साधणार आहे?

प्रश्न : मी कापडी फिल्टर बसवला आहे. तेव्हापासून मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, मूठ एकदम पिळली की गाडी क्षणभर अडखळते आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापते. मेकॅनिक मोठा मेन जेट टाकू म्हणतात. टाकावा का?

उत्तर : आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाल्याची आहेत. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल हे प्रमाण लागते, आणि सर्वाधिक जोर साधारण साडेबारा ते तेरा भाग हवेला मिळतो. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलेले असेल तर १४.७ चा आकडा सुमारे १४.१ वर येतो, म्हणजे त्याच हवेसाठी इंधन अधिक लागते. जुना कार्ब्युरेटर साध्या पेट्रोलच्या हिशेबाने जुळवलेला असल्याने अशा इंधनावर तो आधीच थोडा कोरडा, म्हणजे पेट्रोल कमी देऊन, चालत असतो आणि मोकळ्या फिल्टरने त्यात भर पडते.

तरीही जेट बदलण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. फिल्टर बदलताना कार्ब्युरेटर हलला असेल तर त्याच्या आणि इंजिनाच्या मधल्या जुन्या, कडक झालेल्या रबरी नळीला चीर जाऊन तेथून चोरटी हवा आत येऊ शकते. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. फेऱ्या बदलल्या तर दोष नळीचा आहे आणि जेट बदलून तो झाकणे चुकीचे ठरेल. या तपासणीसाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा गरम इंजिनावर कधीही वापरू नये.

नळी ठीक असेल तर दोष मुठीच्या कोणत्या टप्प्यात आहे ते शोधावे, कारण कार्ब्युरेटरचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या टप्प्यांत काम करतात. मूठ बंद असताना आणि पहिल्या पाव भागापर्यंत पायलट जेट व मिश्रणाचा स्क्रू यांचा अंमल असतो, पाव ते पाऊण भागापर्यंत प्रामुख्याने स्लाइडला जोडलेल्या सुईचा आणि त्यापुढे मेन जेटचा. मूठ सोडल्यावर फटाके वाजणे हे पायलटच्या टप्प्याचे लक्षण आहे; तेथे मेन जेट कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. अडखळणे कोणत्या टप्प्यात होते हे ठरवण्यासाठी मुठीवर आणि तिच्या स्थिर भागावर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर गाडी काही वेळ स्थिर ठेवून पाहावी. इंजिन पूर्ण तापलेले असताना चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारत असेल, तर त्या टप्प्यात पेट्रोल कमी पडते आहे हे निश्चित.

पायलटसाठी आधी स्क्रू फिरवून पाहावा. स्क्रू कार्ब्युरेटरच्या इंजिनाकडील बाजूला असेल तर तो बहुधा पेट्रोलचे मिश्रण मोजतो आणि बाहेर काढला की पेट्रोल वाढते. फिल्टरकडील बाजूला असेल तर तो हवा मोजतो आणि आत घेतला की मिश्रण गाढ होते. हा फरक लक्षात न घेता फिरवल्याने बिघाड वाढलेला मी पाहिला आहे. सुईसाठी तिच्या वरच्या टोकावरील क्लिप एक खाच खाली बसवावी. त्यामुळे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. काही कार्ब्युरेटरांच्या सुईला एकच खाच असते, तेथे क्लिपखाली पातळ वॉशर ठेवून तेच साधतात.

मेन जेटची पारख पूर्ण थ्रॉटलवर करावी लागते, म्हणून ती मोकळ्या आणि सुरक्षित जागीच करावी. पूर्ण पिळलेली मूठ किंचित सोडल्यावर गाडी उलट जोर धरू लागली, तर मेन जेट लहान पडतो आहे. ती अडखळली किंवा मिसफायर झाली, तर जेट मोठा आहे. जेट एकावेळी एकाच क्रमांकाने वाढवावा. केहिन कार्ब्युरेटरच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, तर मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलवर आधारलेला असतो. म्हणून दोन कंपन्यांचे जेट केवळ आकडा सारखा आहे म्हणून अदलाबदल करू नयेत. मूळ जेटचे भोक तारेने किंवा ड्रिलने मोठे करणे तर पूर्णतः वर्ज्य मानावे.

शेवटी प्लग पाहावा. त्यावरचा पांढरा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळी काजळी असेल तर जास्त. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर हे रंग पूर्वीइतके ठसठशीत उमटत नाहीत, त्यामुळे एकट्या प्लगवरून निर्णय घेऊ नये. मूळ डब्यात मूळ आकाराचा फिल्टर बसवला असेल, तर बहुतेक वेळा स्क्रूचा थोडा फेर किंवा सुईची एक खाच पुरेशी होते. त्यापेक्षा फार मोठे बदल करावे लागत असतील, तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा चोरटी हवा शिरते आहे अशी शंका घ्यावी.

प्रश्न : माझी गाडी दोन स्ट्रोकची आहे. तिलाही हेच लागू आहे का?

उत्तर : तत्त्व तेच, पण धोका अधिक. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या दोन स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल कमी मिळाले म्हणजे तेलही कमी मिळाले. तेलाचा स्वतंत्र पंप असला तरी आत येणाऱ्या पेट्रोलने पिस्टनला मिळणारा गारवा कमी होतोच, आणि पिस्टन सिलिंडरला धरून इंजिन सीझ होते. अधिक फसवी गोष्ट अशी की, सीझ होण्याच्या थोडे आधी गाडी उत्तम ओढत असल्याचा भास होतो. म्हणून फिल्टर बदलल्यावर मेन जेट आधी एक-दोन क्रमांक मोठा टाकावा, गाडी जड, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते आहे याची खात्री करावी आणि मग एकेका क्रमांकाने खाली यावे. उलट दिशेने कधीही जाऊ नये. मूळ फिल्टर फोमचा असेल आणि तो बोटांत चुरा होऊ लागला असेल, तर आजच बदलावा. तो चुरा थेट इंजिनात जातो.

प्रश्न : फिल्टर बदलल्यावर गाडी वेगवान झाली असे मला वाटते, भाऊ मात्र नाही म्हणतो. खरे काय ते कसे ठरवावे?

उत्तर : कानांवर विसंबू नये. मोकळ्या फिल्टरमधून इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाज मोठा येतो आणि मोठा आवाज वेगाचा भास निर्माण करतो. सपाट, रिकामा आणि वारा नसलेला रस्ता निवडून, एकाच वरच्या गिअरमध्ये, ठरावीक वेगापासून ठरावीक वेगापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. वेळ मागे बसलेल्याने किंवा चित्रीकरणावरून मोजावी, चालवणाऱ्याने नव्हे. दोन्ही दिशांना अनेकदा मोजून सरासरी काढावी. चालवणारा तोच, टायरमधील हवा तीच आणि शक्य तो दिवसाची वेळही तीच असावी. एकाच फिल्टरच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक येतो, त्यापेक्षा दोन फिल्टरांमधला फरक लहान असेल, तर आपल्या भावाचे म्हणणे मान्य करावे.

प्रश्न : कापडी आणि फोमचा फिल्टर धुण्याची योग्य पद्धत कोणती? किती दिवसांनी धुवावा?

उत्तर : दिवस ठरवून सांगणे योग्य होणार नाही, कारण ते धुळीवर अवलंबून आहे. फिल्टर अधूनमधून उघडून पाहावा, मात्र पुन्हापुन्हा धुऊ नये. प्रत्येक वेळी डबा उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडण्याची शक्यता असते. फिल्टर बाहेर असताना कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडके घालून ठेवावे आणि ते बाहेरून ठळक दिसेल असे ठेवावे, म्हणजे काढायचे राहणार नाही.

कापडी फिल्टरवर त्यासाठीचे द्रावण दोन्ही बाजूंनी लावून काही मिनिटे मुरू द्यावे आणि कमी दाबाचे पाणी आतून बाहेर, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडावे. उलट दिशेने पाणी मारल्यास धूळ कापडाच्या आत जाऊन बसते. सावलीत आपोआप वाळू द्यावे. दाबाची हवा मारल्यास सुती जाळीची छिद्रे रुंदावतात आणि गरम हवेने कापड आकसते. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीवर फिल्टरचे तेल बेताने लावावे आणि ते सगळीकडे पसरेपर्यंत थांबावे. जेथे रंग फिका दिसेल तेथे पुन्हा एक थेंब द्यावा. तेल थबथबले तर हवा अडते आणि जादा तेल कार्ब्युरेटरमध्ये ओढले जाते.

फोम साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवावा, पिळू नये, कारण पिळल्याने जोड सुटतात. पेट्रोलने धुणे आगीच्या दृष्टीने धोकादायक आहेच, शिवाय त्याने फोमचा गोंदही विरघळतो. वाळल्यावर फिल्टरचे तेल हाताने मळून मुरवावे आणि जादा तेल दाबून काढावे. वापरलेले इंजिन ऑइल त्यासाठी चालणार नाही. ते खाली ओघळून फोमचा वरचा भाग कोरडा पडतो. कागदी फिल्टरला पाणी किंवा तेल लावू नये. हलके झटकून पाहावे आणि मळला असेल तर नवा आणावा.

धुतलेला फिल्टर वाळण्यापूर्वी किंवा तेल लावण्यापूर्वी गाडी जवळच्या कामासाठीही काढू नये, कारण तेलाशिवाय सुती जाळी बारीक धूळ जवळपास अडवतच नाही. मूळ कागदी फिल्टर चांगल्या स्थितीत असेल तर तो पिशवीत बंद करून ठेवावा आणि अशा दिवशी तोच बसवून गाडी वापरावी.